नाव पैठणचं, माग येवल्याचे

आमच्या आजोळी पैठणचं नाव निघालं की अण्णांच्या कपाळाला आठी पडायची. अण्णा म्हणजे आईचे वडील. नाथमहाराजांवर त्यांची भक्ती होती, षष्ठीला जमेल तसे ते पैठणला जाऊनही येत. पण ओट्यावर टेकलेला एखादा पाहुणा सहज बोलून गेला, “पैठणी घ्यावी ती पैठणचीच,” की अण्णा पानाची चंची बाजूला ठेवून सरसावून बसत. “पैठणला राहिलंय काय? नाव. हात तिथून उठले आणि इथं आले. नाव बैलगाडीत घालून आणता येत नाही, म्हणून तेवढं तिथं राहिलं.”

इथं म्हणजे येवल्याला. नाशिकहून संभाजीनगरला जाणारा रस्ता आणि मनमाडहून नगरला जाणारा रस्ता विंचूर चौफुलीवर एकमेकांना छेदतात. शिर्डीला निघालेल्या गाड्या मनमाडकडून येतात आणि कोपरगावकडे जातात. जाता जाता त्यातल्या पुष्कळशा पैठणीच्या दुकानापुढे थांबतात. मोठाल्या काचा, काचेमागे नथ घातलेल्या बाहुल्या, बाहेर गाड्या लावायला जागा. आत गेलं की गादीवर बसवतात, चहा विचारतात आणि पंधरा मिनिटांत समोर रंगांचा ढीग पडतो. हे येवलं मला परकं वाटतं असं म्हणणार नाही, कारण आमच्याच नात्यातली दोन पोरं अशा दुकानांत साड्या उलगडून दाखवतात. पण मी ज्या येवल्यात सुट्ट्या काढल्या ते या दुकानांच्या पाठीमागे, गल्ल्यांमध्ये आहे.

विणकरांच्या गावावर लिहायला बसलेला माणूस पहिल्या ओळीत मागाची खटखट ऐकवतो. ती ऐकायची तर याच जिल्ह्यातल्या मालेगावला जावं, तिथं यंत्रमागांमुळे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. येवल्याच्या गल्लीत उभं राहिलं तर बऱ्याचदा काहीच ऐकू येत नाही. साडीचं अंग विणायचं चालू असेल तर झटका ओढला जातो, धोटा पळतो, फणी आपटते, आवाज होतो. एकदा पदर लागला की माग मुका. मग फक्त बोटं चालतात. किती वेळ जातो याचा अंदाज यायचा तर मामांच्या शेजारी बसावं लागतं आणि न बोलता बसावं लागतं, कारण बोललं की मोजणी चुकते.

मोठ्या मामांचा माग अजून जमिनीतल्या खड्ड्यात आहे. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पाय पावडीवर, पोटाशी विणलेलं कापड गुंडाळलं जातं ते लाकूड, आणि समोर रेशमाचा ताणा. पदराची जमीन जरीची असते आणि नक्षी रेशमाची. म्हणजे उभे धागे सगळे रेशमाचे. आडवा बाणा मात्र जिथं जमीन आहे तिथं जरीचा, जिथं मोराची मान आहे तिथं निळ्या रेशमाचा, चोच आली की तांबडा. एक धोटा या काठापासून त्या काठापर्यंत गेला असं इथं होत नाही. प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली, आणि ती आपल्या हद्दीपुरतीच फिरते. मानेचा निळा धागा आपल्या शेवटच्या घरापर्यंत येतो, तिथं जरीचा धागा त्याच्यात अडकवून घ्यायचा आणि दोघांनी माघारी वळायचं. अडकवला नाही तर दोन रंगांमध्ये उभी फट राहते आणि साडी तिथंच फाटते. एका ओळीत असे किती तरी सांधे. सगळे झाले की एकदा पाय, एकदा फणी, आणि पुढची ओळ. दिवस मावळेपर्यंत बोटभर पदर पुढे सरकला तर मामा खुशीत असतात.

मामांच्या ताण्याखाली नक्षीचा कागद सरकवलेला असतो, त्यावरून ते घरं मोजतात. अण्णांच्या वेळी कागद नव्हता. त्यांचे ओठ हलत राहायचे. आजीला कुणी विचारलं की अण्णा काय करतात, तर ती म्हणायची, “जप चाललाय, मोराचा.”

असल्या विणीची साडी उलटी केली तरी सुलटी दिसते. मागून धागे लोंबत नाहीत, कापलेल्या टोकांची दाढी दिसत नाही. दुकानात शिरणाऱ्याला मी एवढंच सांगते: पदर उलटा करून बघ, नाहीतर नुसता चहा पिऊन ये.

काठालाही असाच स्वभाव आहे. काठाच्या रंगाचा ताणा आणि काठाच्याच रंगाचा बाणा, मधल्या अंगाशी ज्याचा संबंध नाही, ती कडियल. आणि एकच धोटा सगळी रुंदी पार करतो ती एकधोटी. एकधोटीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, म्हणून पोरीनं कूस बदलली की साडी रंग बदलते. मुनिया म्हणजे काठावरचा पोपट, बांगडी मोर म्हणजे बांगडीसारख्या गोलात बसवलेला मोर, नारळी, असावली, कमळ. आणि रंगाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या जुन्या साड्या, म्हणजे काळी चंद्रकळा, हिरवा राघू, पांढरं शिरोदक. आजी ही नावं भाज्यांच्या नावांसारखी घ्यायची, कौतुक न करता.

आता अण्णांची मूळ कथा. सतराव्या शतकात रघोजी नाईकांनी हे गाव वसवलं. नुसती घरं बांधून गाव होत नाही, त्यात पैसा फिरायला हवा. म्हणून नाईकांनी पैठणचे विणकर बोलावले. कसे बोलावले ते अण्णा दरवेळी नव्यानं सांगत. एकदा नाईकांनी घराला जागा आणि मागाला लाकूड दिलं. पुढच्या सुट्टीत पहिल्या वर्षाचं धान्य दिलं. कधी मध्येच एक गुजराती सावकार यायचा आणि रेशमाचे पैसे मोजायचा. आईनं एकदा टोकलं, “अण्णा, मागच्या वेळी तर नाईकांनीच पैसे दिले होते.” अण्णा म्हणाले, “तू होतीस का तिथं?” तपशील बदलले, पण गाभा हलला नाही: विणकर आपण होऊन आले नाहीत, त्यांना आणलं, आणि ते कलेसाठी नाही, पोटासाठी आले. कलेची सेवा वगैरे शब्द अण्णांच्या तोंडी मी कधी ऐकले नाहीत. ते शब्द चौफुलीवरच्या दुकानांच्या पाट्यांवर वाचले.

पुढं पुस्तकं वाचायला लागल्यावर मी अण्णांच्या कथेला ठिगळं लावत गेले. पैठण म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान, हे शाळेत शिकलो होतोच. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये दख्खनच्या दोन मोठ्या पेठा सांगितल्या आहेत, पैठण आणि तेर, आणि तिथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदरात जायचा असं म्हटलं आहे. गंमत अशी की त्या नोंदीत कापड तेरच्या नावावर आहे. पैठणच्या नावावर आहेत ते अकीकासारखे दगड. अण्णा हयात असताना मला हे ठाऊक असतं तर त्यांनी ते गावभर केलं असतं.

पेशवाईत मात्र पैठणीचे दिवस आले याबद्दल वाद नाही. पुण्याला महावस्त्रं हवी होती, दुपट्टे, शेले, पागोटी हवी होती. थोरल्या माधवरावांनी लाल, हिरवे, केशरी, डाळिंबी आणि गुलाबी रंगांचे असावलीचे दुपट्टे मागवल्याचं पत्र प्रसिद्ध आहे. त्यांच्याच कारकिर्दीत येवलं विंचूरकरांकडे गेलं. येवल्यात रेशीम कुणी विणायचं याचे हक्कही त्या काळी ठरावीक लोकांकडे बांधलेले होते आणि ते पुढं इंग्रजी अमदानीत कोर्टानं मोडीत काढले. अण्णांनी ही गोष्ट कधी सांगितली नाही, आणि मला वाटतं ती त्यांनी टाळली. कारण ज्या हक्कांनी येवलं मोठं झालं, ते बाकीच्यांना मागापाशी येऊ न देण्याचे हक्क होते.

१८७८ साली दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली आणि गावाला स्टेशन मिळालं. सुरतेची जर आणि मुंबईला उतरणारं चिनी रेशीम रेल्वेनं येऊ लागलं. पैठण तेव्हा निजामाच्या मुलखात होतं आणि येवलं इंग्रजांच्या. साडीचं नाव एका राज्यात आणि माग दुसऱ्यात, अशी अवस्था पुढची सत्तर वर्षं चालली. तिकडं हैदराबादच्या राजघराण्यानं पैठणीला आश्रय दिला. निजामाची सून निलोफर हिनं पदर-काठात नवी नक्षी आणली असं सांगतात. अण्णा त्यावर एवढंच म्हणत, “आणली असेल. विणली कुणी?”

तात्या टोपे येवल्याचे, हे तर आम्हाला आंघोळीच्या गरम पाण्याबरोबर मिळायचं. १८१४ चा जन्म, दुसऱ्या बाजीरावाबरोबर ब्रह्मावर्ताला गेलेलं घराणं. अण्णा त्यांचं वर्णन असं करत की तात्या कालपरवाच गल्लीच्या टोकाला विटी-दांडू खेळून गेले असावेत. मी एकदा हिशेब घातला: बाजीरावाची गादी १८१८ ला गेली, म्हणजे हे पोर तेव्हा जेमतेम चार वर्षांचं. येवल्यानं त्यांना काय दिलं असेल तर आडनावासारखं चिकटलेलं ‘येवलेकर’. पण ही गोष्टही पुन्हा उठून जाणाऱ्या माणसांचीच. धनी गेला तिकडं घरं गेली. अण्णांना त्यात काही विशेष वाटायचं नाही. त्यांच्या सगळ्याच गोष्टीत माणसं कुठून तरी उठून कुठं तरी जात असत.

एका गोष्टीबद्दल मात्र आमच्या ओट्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच येवल्यात परिषद भरली होती. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० पासून पाच वर्षं चालून दार उघडलं नव्हतं, आणि इथं, या गावात, बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्माला आलो हे माझ्या हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही. देशाच्या इतिहासाला वळण देणारा दिवस. ती जागा आज मुक्तिभूमी म्हणून ओळखली जाते, तिथं स्मारक आहे, १३ ऑक्टोबरला लांबलांबून माणसं येतात. अण्णा त्या वेळी मिसरूड फुटलेले होते. एवढी माणसं गावात आली, ती त्यांना दिसलीच नसतील असं कसं होईल? मी कॉलेजात असताना विचारलं. ते म्हणाले, “आली होती माणसं,” आणि तंबाखू मळू लागले. आजीनं स्वयंपाकघरातून मला हाक मारली, काम काही नव्हतं.

जुन्या माणसांच्या गोष्टी गोळा करणाऱ्यानं त्यांनी काय सांगितलं याच्याइतकंच काय गाळलं तेही टिपून ठेवावं, असं मला तेव्हापासून वाटतं. आमच्या घरात रेशीम सोवळ्याचं होतं. मागाला कुणी शिवायचं आणि कुणी नाही याचे नियम होते. ते कुणी लिहून ठेवले नव्हते आणि सगळ्यांना पाठ होते. आमच्या साळ्यांच्या घरांत जिव्हेश्वराची तसबीर असते. शंकरानं आपल्या जिभेतून त्याला जन्म दिला आणि देवांना वस्त्र विणून द्यायला सांगितलं, ही कथा श्रावणात, त्रयोदशीच्या जयंतीला, दरवर्षी व्हायची. कथेत माग देवांचा होता. त्यामुळे माणसांपैकी कुणाचा, हा प्रश्नच यायचा नाही. आणि या नियमांत आमच्या घरच्या बायकाही बाहेरच होत्या, हे कुणी बोलून दाखवलं नाही. आजीनं आयुष्यभर रहाट फिरवला, लडीवरचं रेशीम आसारीवर घेतलं, आसारीवरून कांड्या भरल्या. डोळे मिटूनही तिला तुटका धागा सापडायचा. मागावर ती एकदाही बसली नाही.

आजीच्या गोष्टीत राजे नसत, किमती असत. सोन्याच्या भावाचं तिला अण्णांपेक्षा जास्त कळायचं, कारण पैठणी तिच्या लेखी वजन होती. खरी जर म्हणजे चांदीची तार, तिला सोन्याचा मुलामा, चपटी करून रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली. साडी विरली तरी जर विरत नाही. म्हणून जुनी जर विकत घेणारे दारोदार फिरत. आजीच्या सासूची एक पैठणी होती, अंजिरी, पदर चार बोटं कमी हातभर. आईच्या धाकट्या आत्याच्या लग्नात पैसे कमी पडले. जरवाला आला, अंगणात बसला, त्यानं काठ आणि पदर कात्रीनं वेगळे केले आणि पत्र्याच्या घमेल्यात पेटवून दिले. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो. राख खाली बसली, तळाशी धातू राहिला, तो त्यानं तराजूत घातला. आजी म्हणायची, “सहा महिने लागले असतील विणायला. जळायला विडी ओढून होईस्तोवर.” तिच्या आवाजात हळहळ नसायची, आत्याचं लग्न नीट पार पडलं होतं. संग्रहालयांत जुन्या पैठण्या एवढ्या थोड्या का, याचं उत्तर मला पुस्तकात शोधावं लागलं नाही.

मामांच्या गोष्टी बहात्तरपासून सुरू होतात. येवला तालुका तसाही कमी पावसाचा, त्यात १९७२ चा दुष्काळ. खायला नाही तिथं पैठणी कोण घेणार? माग उभे राहिले. सरकारी कामांवर खडी फोडायला माणसं जात होती, त्यात विणकरही गेले. मामा तेव्हा विशीतले. चार पैसे मिळत, सुकडी मिळायची. घोटाळा निराळाच झाला. पाऊस पडून मागावर परत बसायची वेळ आली तेव्हा हातांना घट्टे पडले होते, बोटांच्या कडा फुटल्या होत्या, आणि रेशमाचा धागा त्यांच्यात अडकून तुटायचा. “रोज रात्री मामी तूप चोळायची,” मामा सांगतात, “तूप खायला नव्हतं, चोळायला होतं.” मामी आतून म्हणतात, “तूप कुठलं? एरंडेल होतं.” यावर त्या दोघांचं अजून एकमत झालेलं नाही.

पुष्कळांनी त्या वर्षांत माग मोडून लाकूड विकलं आणि भिवंडी-मुंबई गाठली. शासनाचंही लक्ष त्याच दशकात पैठणीकडे गेलं, पैठणला केंद्र निघालं. मामांचं मत विचारलं तर ते म्हणतात, केंद्रानं नाव टिकवलं, आणि पोट लग्नसराईनं टिकवलं.

संक्रांतीला यायचं तर येवल्याला यावं, हे मात्र मी कुणालाही सांगेन. भोगी, संक्रांत आणि कर, तीन दिवस गाव गच्चीवर असतं. खाली हलकडी वाजत असते, वर कुणाचा पतंग कटला की ‘वकाट’ची आरोळी उठते. बाहेरगावच्यांच्या हातात फिरकी असते, येवल्यात आसारी. बांबूच्या कामट्यांची, लांब दांड्याची, तीच आसारी जिच्यावर आजी रेशीम घ्यायची, फक्त हिच्यावर मांजा. दांडा मांडीवर टेकवून ती अशी भन्नाट फिरते की ढील द्यायला आणि ओढून घ्यायला फिरकीवाल्याच्या आधी हात मोकळा होतो. मामा संक्रांतीला अजून गच्चीवर चढतात. पतंग नातू उडवतो, आसारी मामांच्या हातात. गुंता झाला तर तो सोडवायचं काम कुणाकडे येणार हे उघड आहे.

मग २००४ साली टीव्हीवर ‘होम मिनिस्टर’ सुरू झालं आणि आदेश बांदेकर घरोघर जाऊन वहिनींना पैठणी देऊ लागले. विद्वान लोक या कार्यक्रमाला नाकं मुरडतात. येवल्यात कुणी मुरडत नाही. ज्या घरांत तीन पिढ्यांत पैठणी आली नव्हती तिथल्या बाईला रोज संध्याकाळी वाटू लागलं की ही आपलीही असू शकते. मागणी वाढली, बंद पडलेले माग निघाले, शोरूम उभी राहिली. आणि मागणीबरोबर नक्कलही आली. बंगळूरकडे यंत्रमागावर जॅकार्डच्या पुठ्ठ्यांनी मोर छापल्यासारखा विणतात, सुरतेची ‘टेस्टेड’ नावाची तांब्याची जर किंवा त्याहून हलकी चमकी घालतात, आणि ‘सेमी पैठणी’ म्हणून दोन-चार हजारांत विकतात. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानं कागदावर भिंत उभी केली, बाजारात नाही. मामा सेमीवर चिडतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, “ज्या बाईकडे तीन हजार आहेत तिनं काय नेसू नये? फक्त दुकानदारानं तोंडानं खरं सांगावं.” शहरातल्या माझ्या ओळखीच्या कुठल्याही हातमागप्रेमीपेक्षा हे मला जास्त शहाणपणाचं वाटलं.

यंदा गेले तेव्हा मामांचा माग रिकामा होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पदराची घरं नीट दिसत नाहीत. दोन्ही मुलं मागावर बसली नाहीत. एक नाशिकला कंपनीत आहे, दुसरा चौफुलीवरच्या दुकानात. मामांना त्याचं दुःख आहे का, हे विचारायचं मनात होतं, पण त्यांना निघायची घाई होती. “चल माझ्याबरोबर नागड्याला,” म्हणाले. “सांधणी आहे.”

नागडे येवल्याला लागूनच. पूर्वी तिथं शेती होती आणि शेती पिकली नाही की मजुरी. आता घराघरात माग आहेत. साळी-कोष्टी-खत्री यांच्यापुरता असलेला हा धंदा गेल्या काही दशकांत या गावांमध्ये पसरला. मराठ्यांची पोरं शिकली, माळ्यांची शिकली, बौद्धवस्तीतली शिकली. ज्यांना शेतीचा भरवसा उरला नव्हता त्यांनी माग घेतला, जसा रघोजी नाईकांच्या वेळच्यांनी गाव सोडला होता. फरक इतकाच की यांना कुणी आणलं नाही. एक जण येवल्यात मजुरीला राहिला, बघून शिकला, कर्ज काढून माग टाकला. त्याचं बघून शेजाऱ्यानं.

मामा ज्या घरी गेले तिथं भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो होता आणि फोटोखाली माग. खड्डा नाही, उभ्या चौकटीचा नवा. मागावर पंचविशीची मुलगी. तिचं बी.ए. झालंय, सासर-माहेर दोन्ही इथलीच. आधीचा ताणा संपत आला होता आणि नवा जोडायचा होता. जुन्या ताण्याचं एकेक टोक आणि नव्याचं एकेक टोक, बोटांना राख लावून दोन्ही एकत्र पिळायची, गाठ न मारता. गाठ फणीत अडते. असे हजारोंनी धागे, आणि एक चुकला तर शेवटपर्यंत साडीत रेघ. हे काम डोळ्यांपेक्षा चिमटीचं आहे, आणि चिमूट मामांची अजून शाबूत आहे.

“आबा, या बाजूनं घ्या, उजेड आहे,” ती म्हणाली. मामा तिनं दाखवलेल्या बाजूला बसले. मी तिचा संपलेला पदर बघत होते. बांगडी मोर, चौदा, जांभळ्या काठावर. उलटा केला. मागची बाजू पुढच्यासारखीच. ही साडी पुण्याला चाललीय, फोटो बघून बाईंनी फोनवरच ठरवली, निम्मे पैसे आधी आलेत, असं तिनं सांगितलं. मधला व्यापारी नाही. व्यापाऱ्याकडून रेशीम आणि जर उसनी घ्यायची आणि साडी त्यालाच द्यायची, या चक्रात अण्णा जन्मभर होते. तिनं ते दोन वर्षांत सोडलं. तिच्या सासूबाई दारात बसून कांड्या भरत होत्या आणि सून मोरांचे किती पैसे सांगते ते कान देऊन ऐकत होत्या.

मी विचारलं, “मोर कुणाकडून शिकलीस?”

“आबांच्या पदराचा फोटो काढला होता,” ती म्हणाली. “मान जरा जाड होती, ती मी बारीक केली.”

मामांनी मान वर केली नाही. राखेत चिमूट बुडवून पुढचा धागा पिळला. परत येताना फटफटीवर मागे बसून मी त्यांना विचारलं, मान खरंच जाड होती का? “होती,” ते म्हणाले. “अण्णांनी जाडच शिकवली होती.”

मामा आता आठवड्यातून दोनदा नागड्याला जातात. मजुरी रोख घेतात आणि चहा बिनसाखरेचा.